चौदा-तेराच्या पुढे

सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना सभागृहाच्या ऑपरेटरचा फोन आला आणि भिंगरीच्या तोंडातला चहाचा घोट तोंडातच राहिला.

"मॅडम, तुमची फिल्म लावून बघितली," ऑपरेटर म्हणाला. "चित्र झकास आहे. पण सहाव्या मिनिटाला आवाज जातो तो आठव्यालाच परत येतो. मधली दोन मिनिटं सगळ्या बायका नुसती तोंडं हलवतात."

"दोन मिनिटं?"

"घड्याळ लावून मोजली. साडेतीनपर्यंत नवीन फाइल दिलीत तर बदलून टाकतो. त्यानंतर मला माइक आणि दिवे बघायचेत. पाच वाजता लोक दारात."

भिंगरीने "देते" म्हणून फोन ठेवला. ती चौतीस वर्षांची होती आणि धंद्याने व्हिडिओ एडिटर. लहानपणी एका जागी पाच मिनिटं बसायची नाही, म्हणून आत्याने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. तीच मुलगी आता दिवसाचे दहा-दहा तास एका खुर्चीत बसून पोट भरत होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

दोन मिनिटांचा आवाज म्हणजे खरं तर चुटकीसरशी होणारं काम. एक बटण चुकून दाबलं गेलं असणार, ते परत दाबायचं, फिल्मची नवी फाइल काढायची, मोकळं व्हायचं. पण त्यासाठी आधी प्रोजेक्ट उघडायला हवा होता, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

हा प्रोजेक्ट उघडायचाच नाही. दोन महिन्यांपूर्वी तो मिनिटाभरात उघडत होता. मग पाच मिनिटं लागायला लागली, मग बारा, मग पंचवीस. मागच्या आठवड्यात तर भिंगरी ऑफिसात प्रोजेक्ट उघडायला लावून घरी अंघोळ, जेवण आणि एक डुलकी उरकून यायची. घरच्यांचंच काम होतं, दुसऱ्या कामांची घाई होती, म्हणून तिने चालवून घेतलं होतं. त्याचं फळ आज समोर होतं. नऊ वाजता तिने सहज म्हणून प्रोजेक्ट उघडायला लावला होता, आणि फोन आला तेव्हा लोडिंगची पट्टी अजून एकाहत्तर टक्क्यांवर होती. तिने चहा संपवला. पट्टी त्र्याहत्तरवर गेली. मग पडदा पांढरा झाला आणि अख्खं सॉफ्टवेअर न बोलता न सांगता बंद पडलं.

भिंगरीने रिकामा कप बाजूला सारला. मग बाह्या सरसावल्या.

फिल्म होती चाळीस मिनिटांची. तीस वर्षांपूर्वी बारा मुलींच्या एका व्हॉलीबॉल संघाने राज्याचं अजिंक्यपद मिळवलं होतं, तेही कोणी खिजगणतीत धरलेलं नसताना. भिंगरीची आत्या त्या संघाची कॅप्टन. तिचा फटका असा बसायचा की मैत्रिणी तिला तोफ म्हणायच्या. आज त्या साऱ्या जणी तीस वर्षांनी भेटणार होत्या, आणि ही फिल्म म्हणजे त्या भेटीचा जीव होता. आत्याचा भाऊ, म्हणजे भिंगरीचे बाबा, तेव्हा उसना कॅमेरा घेऊन सगळे सामने टिपत हिंडले होते. त्यांच्या टेपा आणि भिंगरीने घेतलेल्या मुलाखती, यांची मिळून फिल्म झाली होती.

फक्त एक गोष्ट त्यात नव्हती. अंतिम सामन्यात पाचव्या सेटला गुणफलक चौदा-तेरा दाखवत होता, आणि तिथेच बाबांची टेप संपली होती. शेवटचा, सामना जिंकून देणारा पॉइंट कोणाकडेच नव्हता. बाबा तीस वर्षं सांगत होते, "मी टेप बदलली होती. घेतलाय मी तो पॉइंट." आणि घर तीस वर्षं त्यांना हसत होतं. आत्या म्हणायची, "माझा भाऊ जेवणाला बोलावतो आणि गोड वाढायच्या वेळी झोपतो." त्यामुळे फिल्मच्या शेवटी काळा पडदा होता, आणि त्यावर आत्याचा आवाज: मी उडी मारली, आणि हाणला.

भिंगरीने पहिल्यांदा सगळे सोपे उपाय केले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सॉफ्टवेअर आपल्या सोयीसाठी जे कच्चं सामान साठवून ठेवतं, तो कॅशे पुसून काढला. प्रोजेक्टची फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवरून कॉम्प्युटरच्या आत आणून ठेवली. वरून घातलेले प्लगइन एकेक करून काढले. प्रत्येक उपायानंतर पट्टी थोडी चालायची आणि सव्वीस टक्क्यांवर आली की बैठा संप सुरू. पावणेअकरा वाजले.

त्याच वेळी दार उघडून आत्या आत आली. पंचावन्नची, ताठ, केस बारीक कापलेले, गळ्यात शिट्टी. तीस वर्षं शाळेत खेळ शिकवून नुकतीच निवृत्त झाली होती, पण शिट्टी काही उतरत नव्हती. एका हातात पाहुण्यांची यादी, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा.

"झाली का तयारी?" तिने विचारलं, आणि भिंगरीचा चेहरा बघून डबा खाली ठेवला. "काय झालं?"

भिंगरीने सगळं सांगितलं. आत्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मैदानावर कोण लंगडतंय हे तिला लांबूनही कळायचं.

"म्हणजे आजारी कोण आहे ते माहीत नाही," आत्या म्हणाली. "सॉफ्टवेअर आजारी, का कॉम्प्युटर, का आपलं सामान?"

"तेच तर."

"मग सामान बाजूला काढून बघ. रिकाम्या हाताने धावतंय का ते."

भिंगरीने आत्याकडे बघितलं. इतकी साधी गोष्ट. तिने बाहेरच्या हार्ड डिस्कची वायर उपटली आणि प्रोजेक्ट उघडायला लावला. सॉफ्टवेअरने विचारलं, फाइली कुठे आहेत? तिने उत्तर दिलं, नाहीत, तसंच उघड. अठरा सेकंद. सगळी टाइमलाइन पडद्यावर हजर झाली, फक्त प्रत्येक चौकटीत लाल रंग आणि 'फाइल सापडत नाही' असा शेरा.

"धावलं," भिंगरी म्हणाली, आणि तिच्या अंगात एकदम वीज आली. "आत्या, सॉफ्टवेअर ठणठणीत आहे. कॉम्प्युटरही. खोट सामानात आहे. या डिस्कवरच्या सोळा फोल्डरांपैकी कुठल्या तरी एकात."

"मग एकेक तपास."

"एकेक तपासायला दुपार जाईल. प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर बंद करा, फोल्डर हलवा, परत उघडा."

"सोळा ना?" आत्याचे डोळे चमकले. "अगं, सोळा म्हणजे काय? सोळा संघ म्हणजे चार फेऱ्या. आठ आत ठेव, आठ बाहेर. पट्कन उघडलं तर आतले आठ निर्दोष, चोर बाहेरच्यांत. अडलं तर चोर आतल्यांत. पुढच्या फेरीला चार-चार. मग दोन-दोन. मग अंतिम सामना. बाद फेरी लावायची, भिंगरे. मी आयुष्यभर दुसरं केलंय काय?"

भिंगरीला स्वतःच्या डोक्यावर टपली मारावीशी वाटली. अर्धं-अर्धं करत दोष शोधायचा, हे तिला माहीत नव्हतं असं नाही, पण घाईत माणसाला माहीत असलेलंच आठवत नाही. "आणि चोर दोन असले तर?"

"मग दुसरी स्पर्धा. लाव."

नियम ठरला. तीन मिनिटांत उघडलं नाही तर अडलं असं धरायचं. आत्याने पाहुण्यांच्या यादीच्या पाठीमागे सोळा फोल्डरांची नावं लिहिली आणि शाळेत लावायची तसा तक्ता आखला. मुलाखतींची सहा फोल्डरं, टेपांची पाच, फोटोंची तीन, संगीताचं एक, अक्षरांच्या पाट्यांचं एक. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि खरोखरच शिट्टी फुंकली. शेजारच्या खोलीतल्या हिशेबनिसाने दार उघडून डोकावलं आणि पुन्हा लावून घेतलं.

पहिल्या फेरीला मुलाखती, संगीत आणि पाट्या आत. बावीस सेकंदांत उघडलं. "आठ जण घरी," आत्या म्हणाली आणि आठ नावांवर काट मारली. "मुलाखती चांगल्या वागल्या. आमच्या बायका कधी कोणाला अडवायच्या नाहीत."

दुसऱ्या फेरीला पहिल्या चार टेपा आत. पट्टी भराभर चालली. सव्वीस टक्क्यांवर दोघींनी श्वास रोखला. पट्टी न थांबता पुढे गेली. एकोणतीस सेकंद. चार टेपा निर्दोष.

उरली चार. फोटोंची तीन आणि 'खराब ५' नावाचं एक. भिंगरीची बोटं आता कीबोर्डवर नाचत होती. दोन फोटोंची फोल्डरं आत. वीस सेकंद. त्यांच्यावर काट.

"अंतिम सामना," आत्या म्हणाली. तीही खुर्चीच्या कडेवर आली होती. "'घरचे फोटो' विरुद्ध 'खराब ५'. माझा संशय घरच्या फोटोंवर. तुझ्या बाबाने काढलेत."

भिंगरीने 'खराब ५' आत ठेवून एंटर दाबलं. पट्टी निघाली, डौलात सव्वीस टक्क्यांपर्यंत आली आणि खिळा ठोकल्यासारखी थांबली. एक मिनिट. दोन. तीन. आत्याने शिट्टी फुंकली.

"सापडला," भिंगरी म्हणाली. तिला हसू आवरेना. दोन महिने ज्याने जीव खाल्ला, तो अर्ध्या तासात पकडला गेला होता. "पण आहे कोण हा 'खराब ५'?"

तिने फोल्डर उघडलं आणि तिचा जबडाच खाली आला. आत एकतीस हजार पाचशे फाइली होत्या. व्हिडिओ एकही नाही. सगळी चित्रं, ओळीने नंबर घातलेली. पहिलं उघडलं तर नुसत्या करड्या मुंग्या, टीव्हीचं चित्र गेल्यावर दिसतात तशा. शंभरावंही तसंच. हजारावंही.

तिने बाबांना फोन लावून स्पीकरवर टाकलं. "बाबा, 'खराब ५' काय आहे?"

"पाचवी टेप," बाबा पलीकडून म्हणाले. "कपाटात ओल लागून चिकटली होती. तो टेपा उतरवून देणारा दुकानदार म्हणाला, ही सलग चालत नाही, मी हिचं एकेक चित्र सुटं काढून देतो. बरीचशी वाया गेलीये म्हणाला. मी म्हटलं असू दे."

आता भिंगरीला सगळा उलगडा झाला. दोन महिन्यांपूर्वी तिने अख्खी डिस्क उचलून प्रोजेक्टमध्ये ओतली होती. या फोल्डरमधली दोन-चार चित्रं बघितली, मुंग्या दिसल्या, आणि 'खराब' हे नाव खरं मानून सोडून दिलं. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने मात्र ते एकतीस हजार स्वतंत्र पाहुणे होते. प्रोजेक्ट उघडताना ते बिचारं प्रत्येकाच्या दारावर टकटक करून विचारत होतं, आहात का घरी? आणि दर वेळी कामाचा पसारा वाढला की ते आणखीच दमत होतं.

"काढून टाकते," ती म्हणाली. "फिल्ममध्ये यातलं एकही चित्र नाही."

"थांब," बाबा फोनवर म्हणाले. "ती पाचवी टेप आहे, भिंगरे. चौथी चौदा-तेराला संपते."

आत्याने फोनकडे बघितलं. "तू खरंच टेप बदलली होतीस?"

"तीस वर्षं काय सांगतोय मग? घाईत हाताला लागली ती वापरलेली टेप घातली होती, पण घातली होती."

भिंगरीने ती चित्रं प्रोजेक्टमधून काढून टाकली आणि नव्या पद्धतीने आत घेतली. नंबर ओळीने आहेत, म्हणजे सगळी मिळून एकच पट्टी समज, असं सॉफ्टवेअरला सांगितलं. एकतीस हजार पाहुण्यांचा एकच पाहुणा झाला, एकवीस मिनिटांचा. मग ती माउसने पुढे पुढे सरकत गेली. मुंग्या. मुंग्या. सातव्या मिनिटाला तळाशी लाकडी जमिनीची एक पट्टी दिसली आणि गेली. ती सावकाश सरकू लागली. एक बूट. जाळीचा कोपरा. गुणफलकाची दोन पानं: चौदा, तेरा.

आणि पुढची अकरा सेकंद चित्र लख्ख होतं.

आवाज नव्हता. पलीकडच्या मुलीने सर्व्हिस केली. मागच्या रांगेतून चेंडू वाकडा उडाला. पास देणारी मुलगी त्याच्यामागे जमिनीवर पालथी झेपावली, तिच्या मुठीवरून चेंडू जाळीच्या दिशेने वर चढला, आणि दोन मुली एकदम हवेत उडाल्या. एक सात नंबर, लांब वेणीवाली, आत्या. दुसरी तिच्या खांद्यामागून, अकरा नंबर. चेंडू पलीकडे जमिनीत रुतल्यासारखा आपटला. लगेच सगळ्या मुली सात नंबरकडे धावल्या, तिला उचललं, आणि चित्र पुन्हा मुंग्यांत बुडालं.

"दिसलं का काही?" बाबा फोनवरून विचारत होते. "अरे, कोणी बोला."

"दिसलं, बाबा," भिंगरी म्हणाली. "सगळं दिसलं. तुम्ही खरं बोलत होतात. मी नंतर करते फोन."

"परत," आत्या म्हणाली.

भिंगरीने परत दाखवलं.

"सावकाश. एकेक चित्र."

चित्रं सुटी होती, त्यामुळे एकेक करून दाखवणं सोपं होतं. आत्याचा हात वर. चेंडू तिच्या बोटांच्या वर, वीतभर. पुढचं चित्र. अकरा नंबरचा तळवा चेंडूवर, पुरा, सपाट. पुढचं चित्र. चेंडू गेलेला, आणि आत्याचा हात येऊन अकरा नंबरच्या मनगटावर आदळलेला.

आत्या पडद्याजवळ सरकली. तिने उजव्या हाताचा पंजा उघडून बघितला. "हात झणझणला होता माझा," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं, चेंडूच होता."

ही अकरा नंबर कोण हे भिंगरीला माहीत होतं, पण फारसं नाही. चौदा-बारा असताना एकीचा पाय मुरगळला म्हणून तिला शेवटी मैदानात उतरवलं होतं. सगळ्या स्पर्धेत ती दोन पॉइंट खेळली. तिची मुलाखतही घेतलेली नव्हती. आजच्या आमंत्रणाला तिने दोन ओळींचं उत्तर पाठवलं होतं: मी काय, शेवटची दोन मिनिटं होते. तुम्ही मजा करा.

"आत्या," भिंगरी जपून म्हणाली, "हे लावलंच पाहिजे असं नाही. आवाज दुरुस्त करते आणि देते. आपल्या दोघींशिवाय कोणी बघितलेलं नाही."

आत्या उठली. खिडकीपाशी गेली, खालच्या रस्त्याकडे बघत उभी राहिली. तीस वर्षं तिने हा पॉइंट सांगितला होता. शाळेत दर वर्षी नव्या मुलींना, लग्नकार्यांत, दवाखान्याच्या रांगेत. वर्तमानपत्रात तिच्या नावाने छापून आला होता. त्या एका फटक्यावर तिला नोकरी लागली असं घरात सगळे म्हणायचे.

"मी खोटं नाही बोलले गं," आत्या खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली.

"माहीत आहे."

"पण आता हे बघून उद्या सांगितलं, तर ते खोटं." ती वळली. चेहरा ओढल्यासारखा झाला होता, पण आवाज मैदानावरचा होता. "किती वाजले?"

"पावणेबारा."

"तुला किती वेळ लागेल?"

"आवाज, ही अकरा सेकंदं बसवणं, मग फाइल बाहेर काढणं. अडीचपर्यंत."

"लाव मग. मी तिला आणायला जाते."

"फोन कर ना."

"फोनवर ती नाही म्हणेल. तोंडावर नाही म्हणायला माणसाला जड जातं." आणि डबा तसाच ठेवून ती जिना उतरून गेलीसुद्धा.

भिंगरीने दार लावलं आणि कामाला लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच सॉफ्टवेअर तिच्या बोटांमागे धावत होतं. म्हणेल ते लगेच, जरा आढेवेढे नाहीत. सहाव्या मिनिटाचा आवाज खरोखरच एका बटणाचा खेळ निघाला. मग ती शेवटाकडे आली आणि अडली. काळ्या पडद्यावर आत्याचा आवाज होता: मी उडी मारली, आणि हाणला. आता याचं करायचं काय? काढलं तर शेवट तुटत होता, ठेवलं तर आत्या तोंडघशी पडत होती.

तिने आत्याला फोन लावला. मागे बसची घरघर ऐकू येत होती.

"तुझं शेवटचं वाक्य कापू का?"

"कापू नको," आत्या म्हणाली. "मी तसंच सांगत आलेय, ते तसंच राहू दे. त्याच्या मागोमाग चित्र लाव. एकदा भरधाव, एकदा सावकाश. मध्ये संगीत-बिंगीत घालू नकोस."

"लोक हसतील."

"हसू देत. बसचा थांबा आला, ठेव."

भिंगरीने तसंच केलं. अकरा सेकंद भरधाव, मग एकेक चित्र, तळवा चेंडूवर टेकतो तिथे दोन सेकंद थांबून. बसवून झाल्यावर तिने ते एकदा बघितलं आणि अंगावर काटा आला. कित्येक वर्षांत कुठल्या कामाने तिला असं झालं नव्हतं. फाइल बाहेर काढायला लावली तेव्हा सव्वादोन झाले होते, आणि पट्टी सरळ शंभरपर्यंत गेली. तीन वाजून दहा मिनिटांनी ती धापा टाकत सभागृहाच्या ऑपरेटरसमोर उभी होती.

"वीस मिनिटं आधी," ऑपरेटर घड्याळ बघून म्हणाला. "असे एडिटर हल्ली मिळत नाहीत." त्याने फिल्म भराभर पळवून तपासली, शेवटापाशी आला, आणि थांबला. एकदा मागे नेऊन परत बघितलं. "तोफबाईंना दाखवलंत का हे?"

"त्यांनीच लाव म्हणून सांगितलं."

त्याने शेवटच्या भागासाठी दिवे कधी घालवायचे याची वेगळी खूण केली.

साडेचारपासून लोक जमू लागले. संघातल्या दहा जणी आल्या, कोणी नातवंडं घेऊन, कोणी काठी टेकत. गळाभेटी, आरडाओरडा, एकमेकींचे पिकलेले केस बघून हसणं. बाबा पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "शेवटपर्यंत बघा." आत्याचा पत्ता नव्हता. फोन लागत नव्हता. पाचला दहा मिनिटं कमी असताना भिंगरी फाटकापाशी येऊन रस्त्याकडे डोळे लावून उभी राहिली.

पाचला चार मिनिटं कमी असताना एक छोटी गाडी गोगलगाईच्या गतीने वळणावरून आत आली. छतावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी. चाकामागे एक घामाघूम बाई, शेजारी एक शांत, किडकिडीत बाई, आणि मागच्या सीटवर गळ्यात शिट्टी असलेली आत्या.

"ही गाडी शिकवते," आत्या उतरत म्हणाली. "हिला गाठेपर्यंतच चार वाजले, आणि तिथून ताशी पंधराने आलोय. शिकाऊ बाईंचा तास चालू होता आणि ही म्हणे तास अर्धा सोडता येत नाही. म्हटलं, मग तासच इकडे वळव."

अकरा नंबर गाडीतून उतरली आणि शिकाऊ बाईंना म्हणाली, "हँडब्रेक." मग भिंगरीकडे वळून, "हिने मला काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, चल, तुझं काही तरी माझ्याकडे राहिलंय."

फिल्म सुरू झाली. लोक हसले, टाळ्या वाजवल्या, जुने चेहरे ओळखून नावं घेत राहिले. आत्या आणि अकरा नंबर शेवटच्या रांगेत शेजारी-शेजारी बसल्या होत्या, आणि शिकाऊ बाईही त्यांच्या पलीकडे बसली होती, कारण तिला एकटीने गाडी परत नेता येत नव्हती. भिंगरी बाजूच्या भिंतीला टेकून उभी होती आणि पडद्याऐवजी त्या दोघींकडे बघत होती.

काळा पडदा आला. मी उडी मारली, आणि हाणला. दोन-चार जणींनी सवयीने टाळ्या वाजवायला हात उचलले. आणि पडद्यावर ती अकरा सेकंदं आली.

भरधाव दाखवलं तेव्हा नुसता गलका झाला. "अरे, हे कुठून आलं?" पहिल्या रांगेत बाबा उठून उभे राहिले आणि मागच्यांनी त्यांना खाली बसवलं. मग एकेक चित्र सुरू झालं. वर गेलेला एक हात. त्याच्यावर चेंडू. मागून आलेला दुसरा हात. तळवा, पुरा, सपाट, चेंडूवर.

दोन सेकंद ते चित्र तसंच राहिलं. कोणी तरी म्हणालं, "हा तर अकरा नंबर."

दिवे लागले तेव्हा सगळी तोंडं मागे वळलेली होती. आत्या उभी राहिली. तिने भाषण लिहून आणलं होतं, ते खिशातच राहिलं. "तीस वर्षं मी चुकीचं सांगत आले," ती म्हणाली. "मला वाटत होतं ते सांगितलं. तो पॉइंट हिचा आहे. मी फक्त हिला मारलं." आणि खाली बसली.

मग पास देणारी, जी तेव्हा जमिनीवर पालथी पडल्यामुळे काहीच बघू शकली नव्हती, ती काठी टेकत रांगांमधून मागे आली आणि अकरा नंबरसमोर उभी राहिली. "तुला माहीत होतं?"

"माझ्याच हाताने मारलेला मला माहीत नसेल?" अकरा नंबर म्हणाली.

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"तुम्ही सगळ्या हिच्याकडे धावलात. मीही धावले. तुम्ही उचललंत तेव्हा हिचा डावा पाय माझ्याच खांद्यावर होता." तिने जरा विचार केला. "नंतर वर्तमानपत्रात आलं तेव्हा वाटलं थोडं. पण कॅप्टनला जाऊन म्हणायचं काय, तो माझा होता? आणि जिंकलो तर होतोच ना."

"आणि मनगट?" आत्याने खालमानेने विचारलं.

"आठवडाभर सुजलेलं होतं. आईला सांगितलं, दारात सापडलं."

हसण्याचा असा लोंढा उसळला की हिशेबात नसलेली शिकाऊ बाईसुद्धा डोळे पुसत हसत होती. आत्या हसली नाही. तिने अकरा नंबरचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मनगटावर अंगठा ठेवून बसून राहिली.

बाबांनी तेवढ्यात ऑपरेटरच्या खिडकीशी जाऊन काही तरी सांगितलं असावं, कारण दिवे पुन्हा मंद झाले. "पुन्हा एकदा लावतोय," ऑपरेटरचा आवाज माइकवरून आला. "पाठीमागच्यांना नीट दिसलं नाही म्हणतात."

पास देणारीने अकरा नंबरला कोपराने ढकललं. "पुढे जा. जवळून बघ." अकरा नंबर नको नको म्हणत होती, पण आत्याने तिचा हात सोडला नाही, आणि दोघी मधल्या वाटेने चालत पार पडद्यापर्यंत गेल्या. मग त्या दोन मुली पुन्हा हवेत उडाल्या, आणि पडद्याच्या उजेडात अकरा नंबर मान वर करून, तोंड किंचित उघडं ठेवून, स्वतःचा फटका पहिल्यांदा बघत होती.